त्रेसष्टावं पूज्य

त्रेसष्टावं पूज्य सुनीतीबाईंच्या डोळ्यांदेखत पडलं.

"वजीरा अलीमियाँ," हरिश्चंद्र गुरुजींनी पुकारलं. मान खाली, पेन तयार. हजर असेल त्याला उभी रेघ, नसेल त्याला पूज्य. आणि गुरुजींची पूज्यं अशी गोल, की उचलून एखाद्या तान्ह्या पोरीच्या हातात बांगडी म्हणून घालावीत. वजीरा पहिल्या ओळीत बसली होती, टेबलापासून दीड हातावर. मागून शंकरनं तिच्या पाठीत बोट टोचलं, म्हणजे तुझं नाव आलं. ती उभी राहिली. ओठ मिटलेले. नऊ वर्षांची पोर, तेल चोपडलेल्या दोन वेण्या, वेण्यांना लालभडक रिबिनी. दिसू नये अशी काही ती नव्हती.

"वजीरा अलीमियाँ. एक, दोन, तीन. गैरहजर."

पूज्य पडलं. वजीरा खाली बसली.

"शंकर जयराम."

"ह... ह... ह..."

"बस, बस, पोचलास. पुढचा."

चौथीचा वर्ग मुख्याध्यापक या नात्यानं गुरुजींकडे आणि दुसरीचा बाईंकडे. मध्ये बांबूची तट्टी, आणि तट्टीला बाईंच्या खुर्चीच्या उंचीवर एक भोक. कांदळकोंडच्या शाळेत कोणी कोणापासून काही लपवू शकत नसे. नोव्हेंबरपर्यंत चौथी शुभदाबाईंकडे होती. त्या पोरांची तोंडं बघून हजेरी मांडत. डिसेंबरात त्यांची बदली झाली, गुरुजींनी चौथी घेतली, आणि दुसऱ्या दिवसापासून वजीरा शाळेत यायची बंद झाली. म्हणजे पटावर. एरवी ती रोज खाडीच्या कडेकडेनं चालत येत होती, पाढे उतरवून घेत होती, आणि आपलं पूज्य उभ्यानं घेऊन खाली बसत होती.

मधल्या सुट्टीत बाई ऑफिसात गेल्या.

"गुरुजी, ती मुलगी रोज येते."

"येत नाही असं कोण म्हणतं?"

"पट म्हणतो."

गुरुजी हसले. त्यांचा पट तालुक्यात नमुना म्हणून दाखवत असत. माणूस वाईट नव्हता. पोरांवर त्यांनी कधी हात उचलला नाही, सुपारी खाल्ली नाही, सदऱ्याला डाग पडू दिला नाही. हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडायला निदान सुरुवात कुठून करायची ते कळतं.

"बाई, हजेरी तोंडानं द्यायची असते. आज ही उभी राहून देईल, उद्या कोणी बाक वाजवून देईल, परवा कोणी शेपटी हलवून. शाळा आहे की गोठा?"

"तिला ऐकू येत नाही."

"पण बोलता येतं ना? तुमच्याच वहीत तिचे एकेचाळीस शब्द जमा आहेत. साहेबांना तुम्हीच अभिमानानं दाखवलेत." गुरुजींनी पेनाला टोपण लावलं. "मग बेचाळिसावा 'हजर' व्हायला काय हरकत आहे? शिमग्याच्या सुट्टीनंतर सलग गैरहजर मुलांची यादी तालुक्याला जायची आहे. नाव कमी झालं की परीक्षा नाही, परीक्षा नाही की शाळा नाही. मला काय त्यात आनंद आहे? मला एकदा तिच्या तोंडातून आवाज काढून दाखवा. त्याच दिवशी रेघ मारतो. माझा शब्द."

बाई काही बोलल्या नाहीत. बावीस वर्षांच्या नोकरीत अशा ठिकाणी त्या कधीच काही बोलल्या नव्हत्या. राग आला की त्यांच्या कानांच्या पाळ्या तापायच्या आणि तोंडाला कुलूप लागायचं. मग घरी जाऊन त्या दोन दिवस भांडी जरा जोरात ठेवत. नवरा गुरुदास, पोस्टमास्तर, एवढंच विचारी, "आज टोप कित्याक वाजता?"

एकेचाळीस शब्द ही मात्र खरी गोष्ट होती. सिंधुदुर्ग जिल्हा नवा झाला तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात आलं, की प्रत्येक तालुक्यात बोलण्यात अडणाऱ्या मुलांसाठी वाचावर्ग हवा. बाईंना दहा महिन्यांच्या कोर्सला कोल्हापुरास धाडलं. त्या एक आरसा, चार मोरपिसं आणि मेणबत्त्यांचं पुडकं घेऊन परत आल्या, तोवर ज्याच्या डोक्यात आलं होतं त्याची बदली झाली होती. वर्ग राहिला. दर शनिवारी शाळा सुटल्यावर सात मुलं. बाई प्रत्येकाच्या नावानं पान घालून शब्द जमेला धरत. सवयच लागली होती. समोर कोण बोलू लागलं की त्या मनातल्या मनात मोजत. गुरुजी दिवसाला चार हजार शब्द खर्च करतात, त्यातले अकरा कामाचे. गुरुदास दिवसाला साठ, त्यातले वीस 'चाय'.

दुसरी एक वही सणांची होती. पोरांना आरशासमोर उभं करून 'प, फ, भ' म्हणवून घेण्यापेक्षा सण बरा, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं. नारळी पुनवेला पाण्यात कागदी होडी सोडायची आणि फुंकरीनं पलीकडे पोचवायची. चतुर्थीला आरती, ती शंकरसाठी, कारण एरवी स्वतःचं नाव सांगताना घामाघूम होणारा शंकर सगळ्यांबरोबर आरती म्हणताना एकदाही अडत नसे. ईदेला वजीराची आई जन्नतबी डबाभर शीरखुर्मा पाठवी. तो ज्यानं त्यानं तोंडानं मागून घ्यायचा, नुसता हात पुढे केलात तर वाटी पुढच्याकडे. दिवाळीला पणती विझू न देता ज्योत हलवायची. शिमग्याचं पान तेवढं कोरं होतं. चांगल्या घरच्या बायका शिमग्यात खिडक्या लावून घेतात. बाईंनीही वहीची खिडकी लावून घेतली होती.

त्या संध्याकाळी त्या जन्नतबीच्या घरावरून गेल्या. ती अंगणात पाय पसरून जाळं सांधत बसली होती. अलीमियाँ वेंगुर्ल्याच्या लाँचीवर, तो पंधरवड्यानं येणार. वजीरा आईच्या बाजूला सुईत दोरा भरून देत होती.

"जन्नतबी, घरी तरी बोलते का ही?"

"पयली बोलायची. आता नाय."

"डिसेंबरापासून थांबली. मला कळत नाही. एवढं छान चाललं होतं, मध्येच हट्टाला पेटली."

जन्नतबीनं जाळं मांडीवरून बाजूला सारलं. "हट्ट? बाईनू, तुमका खरांच म्हायत नाय?"

"काय?"

"गुरुजींनी चौथी घेतली त्या पयल्या दिवसाक हिणां हजेरी दिल्यान. नवे गुरुजी, म्हणान मोठ्यान दिल्यान. हिचो आवाज कसो आसा तां तुमका सांगाक नको. तर गुरुजी म्हणाले, 'ह्यां रेडकू खंयसून इलां वर्गात?' सगळी पोरां हसली. शंकरान येवन माका सांगल्यान. त्या दिवसापासून चेडवाचा तोंड बंद." तिनं पोरीच्या वेणीवरून हात फिरवला. "तिका ऐकाक येणा नाय, बाईनू. पण हसलेला दिसता."

बाई त्या दिवशी मालवणला मीटिंगला गेल्या होत्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगूकच इललंय. त्या शनवारी. तुमी तिका आरशाफुडे उभी केललात, दोन तास. 'बोल, बोल, हट्ट नको' करून. माका वाटला, तुमी पण गुरुजींच्याच बाजूच्या. मी दारातून परत गेलंय."

घरी आल्यावर बाईंनी वही काढली. वजीराच्या पानावर, एकेचाळिसाव्या शब्दाखाली, त्यांच्याच हस्ताक्षरात लाल शाईनं लिहिलेलं होतं: 'प्रगती थांबली. मुलीचा हट्ट.' कानांच्या पाळ्या अशा तापल्या, की त्यांनी पदर ओला करून दोन्ही कानांना लावला. त्या संध्याकाळी त्यांनी एकही भांडं वाजवलं नाही. गुरुदासनं दोनदा वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मधल्या सुट्टीत शाळेच्या विहिरीमागून आवाज आला. शाळेचा शिपाई गणपत. वर्षातले तीनशे साठ दिवस हा माणूस घंटा मारी आणि पाणी भरी; शिमग्याचे पाच दिवस तो गावच्या रोंबाटाच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे नाचे आणि त्याची बोंब खाडीपलीकडे ऐकू जाई असं तो स्वतःच सांगे. आता तो गळा साफ करून बघत होता. पालथी मूठ तोंडावर आपटत तो असा काही ओरडला, की रहाटावरचा कावळा उडाला.

आणि बाईंनी पाहिलं. विहिरीच्या अलीकडे, चाफ्याच्या आडोशाला, वजीरा उभी होती. गणपतकडे टक लावून, पालथी मूठ स्वतःच्या तोंडावर मारत. हात अगदी बरोबर पडत होता. ठेका बरोबर. तोंड मात्र बंद.

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. दहा महिन्यांच्या कोर्सात जे कोणी सांगितलं नाही ते त्यांना विहिरीवर कळलं. शिमग्याच्या बोंबेला चांगला आवाज नसतोच. ती जितकी वाईट तितकी बरी. तिथं कोणी कोणाला रेडकू म्हणत नाही, कारण तिथं सगळेच रेडे.

शनिवारी शाळा सुटली, शिमग्याच्या सुट्टीसाठी. सात मुलं थांबली. बाईंनी आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि गणपतला हाक मारली.

"गणपत, ह्यांना बोंब शिकव."

गणपतनं हातातली बादली खाली ठेवली. "कोणाक?"

"ह्या सगळ्यांना."

"पोरींका पण?"

"पोरींना आधी."

"बाईनू, बोंब काय शिकवची वस्तू आसा? ती पोटात आसता. माणसाक ती येताच."

"मला येत नाही."

गणपतनं त्यांच्याकडे असं बघितलं, जसं पोहता न येणाऱ्या माणसाकडे बघतात. "मारा बघूया."

बाईंनी दारं-खिडक्यांकडे नजर टाकली. त्रेचाळीस वर्षांची बाई, पोस्टमास्तरांची बायको, सासूनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी बजावलेलं की सून हसली तरी शेजारी कळता कामा नये. त्यांनी डोळे मिटले, पालथी मूठ तोंडावर मारली. जे बाहेर आलं ते ऐकून सगळ्यांत लहान पोरगं खदाखदा हसत सुटलं.

"ही बोंब नाय, बाईनू," गणपत गंभीरपणे म्हणाला. "ही उचकी. तुमी मनात माणूस धरलात नाय. बोंब कोणाच्या तरी नावान मारूची लागता. जेच्यापायी पोट जळता तो माणूस डोळ्यांफुडे हाडा. फक्त नाव तोंडान घेव नकात, माझी नोकरी हयच आसा."

असा माणूस आपल्या खात्यावर नसेल, असं बाईंना वाटलं होतं. शोधायला गेल्या तर रांग लागली. 'बाई, पोरांना बोलायला शिकवता, स्वतः कधी बोलणार?' असं सगळ्यांदेखत विचारणारे साहेब. सासू. टोप का वाजतो तेवढंच विचारणारा नवरा. त्यांच्यापुढे स्वच्छ सदऱ्यातले हरिश्चंद्र गुरुजी, हातात पेन. आणि गुरुजींच्याही पुढे, अगदी तोंडाशी, लाल शाईची दौत घेतलेली एक बाई, जिनं पोरीला दोन तास आरशासमोर उभं केलं होतं.

त्यांनी वजीराचा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवला आणि बोंब मारली.

कौलांवरची धूळ पडली. गणपत एक पाऊल मागे सरला. "अगो बाय माझ्या!" एवढंच तो म्हणाला.

वजीराची बोटं बाईंच्या गळ्यावर तशीच होती. डोळे मोठे झाले होते. बाईंनी पुन्हा मारली. मग शंकरनं मारली. शंकर, ज्याला 'ह' पार करायला अर्धा मिनिट लागे, त्याची बोंब अशी सरळ गेली जशी उतारावरून नारळ. मग सगळ्यांनी. वर्गात कोणाचाच आवाज कोणाचा म्हणून ओळखू येईना. त्या गदारोळात वजीरानं बाईंच्या गळ्यावरचा हात काढला, आपल्या गळ्यावर ठेवला, दुसरा हात पालथा तोंडाशी नेला, आणि तोंड उघडलं.

तो आवाज खरंच रेडकासारखा होता. जाड, रुंद, आतून खरवडत येणारा. तीन महिने कोंडलेला. एकेक करून बाकीची सगळी गप्प झाली, आणि ती एकटीच मारत राहिली, मूठ तोंडावर, डोळ्यांतून पाणी, आणि थांबेना. कोणी हसलं नाही. गणपतनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

गुरुजी शेजारच्याच खोलीत राहत. ते धावत आले, चष्मा कपाळावर, सदऱ्याचं वरचं बटण उघडं.

"बाई! काय चाललंय हे?"

"वाचावर्ग."

"याला वाचावर्ग म्हणतात? मुलींना शिमगा शिकवता? एक स्त्री शिक्षिका?"

"तुम्ही म्हणालात, तोंडातून आवाज काढून दाखवा. निघाला. ऐकलात ना?"

"अख्ख्या गावानं ऐकला! हा आवाज म्हणायचा?"

"मग काय म्हणायचं? रेडकू?"

गुरुजी गोंधळले. "कोण रेडकू?"

"डिसेंबरात तुम्ही हिला म्हणालात. हजेरी दिली म्हणून. पोरं हसली. त्या दिवसापासून ती बोलली नाही."

गुरुजींनी खरोखरच आठवून बघितलं. कपाळाला आठ्या घालून, प्रामाणिकपणे, एखादी जुनी तारीख आठवावी तसं. "मी? म्हणालो असेन. आठवत नाही बुवा. चेष्टेत जातं एखादं."

ते नाकबूल करतील किंवा ओशाळतील, अशी बाईंची अटकळ होती. दोन्हींना त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. 'आठवत नाही'ला नव्हतं. एका पोरीचं तोंड तीन महिने बंद पडलं आणि ज्यानं पाडलं त्याच्याकडे त्याची नोंदसुद्धा नाही!

"आणि पासष्ट पूज्यं कशी आठवतात?" बाई ओरडल्या. कुलूप नव्हतं. कुलूप दहा मिनिटांपूर्वीच फुटलं होतं.

"ती मांडलेली आहेत, बाई," गुरुजी शांतपणे म्हणाले. "मांडलेलं खरं. हे सगळं मी वर कळवणार आहे."

"कळवा. मुलगी बोलली म्हणून कळवा. तारीख घालून कळवा!"

घरी गुरुदास चहा घेऊन बसला होता. "गावात काय बोलतत, म्हायत आसा? पोस्टमास्तराच्या बायलेन बोंब मारल्यान."

"मारली."

त्यानं बशीत चहा ओतला. "कोणाच्या नावान?"

"रांग मोठी होती. तुमचाही नंबर लागला."

गुरुदासनं बशीतला चहा तसाच निवू दिला. दिवसाचे साठ शब्द त्या दिवशी शिल्लकच राहिले.

शिमगा झाला, सुट्टी संपली, शुक्रवारी शाळा भरली. पोरांच्या कानामागे अजून गुलाल होता. बाईंनी दुसरीला पाढे लावून दिले आणि तट्टीच्या भोकाशी खुर्ची ओढली. चौथीच्या खिडकीबाहेर, कुंपणाच्या पलीकडे, जन्नतबी जाळ्याचं बोचकं डोक्यावर घेऊन उभी होती. वाट तिकडून नव्हती.

"वजीरा अलीमियाँ."

शंकरचं बोट. वजीरा उभी राहिली. तिनं एक हात गळ्यावर ठेवला, दुसरा पालथा करून तोंडाशी नेला, आणि हजेरी दिली.

पेन गुरुजींच्या हातातून पटावर पडलं. मग शंकरनं जबाब दिला, कारण शिमग्यात एका बोंबेला दुसरी द्यावीच लागते. मग सगळी चौथी. मग तट्टीच्या अलीकडून, कोणी न सांगता, दुसरीची अडतीस पोरं. गणपत कशासाठी कोण जाणे, घंटा मारू लागला.

"गप्प! गप्प बसा सगळे!" गुरुजी टेबलावर हात आपटत होते. सगळं शांत झालं तेव्हा त्यांनी पेन उचललं आणि पूज्य काढलं. सहासष्टावं. ते गोल आलं नाही.

"गुरुजी," बाई तट्टीच्या भोकातून म्हणाल्या, "शब्द दिला होतात."

"ही हजेरी नव्हे! हा अपमान आहे. माझ्या नावानं बोंब मारली तिनं!"

"तिनं कोणाचं नाव घेतलं?"

सगळी चौथी त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी पट मिटला.

पण बोंब काही पटात मिटत नाही. संध्याकाळी दुकानावर गुरुजी काडेपेटी आणायला गेले तर दुकानदारानं काडेपेटीआधी विचारलं, "गुरुजींनू, चौथीत तुमच्या नावान बोंब पडली म्हणतत. काय भानगड?" देवळात दोघांनी विचारलं. होडीवाल्यानं तर खाडीच्या मध्यावर वल्हं थांबवून विचारलं, जिथून उठून जाता येत नाही. कोणाच्या नावानं बोंब मारावी तर त्यानं गावाचं काहीतरी खाल्लेलं असतं, नाहीतर कोणाला तरी नाडलेलं असतं. तीस वर्षांत गुरुजींनी कोणाच्या झाडाचा आंबासुद्धा उचलला नव्हता. आणि आता सगळे विचारत होते, काय केलात? सांगायचं तर पट उघडून दाखवावा लागला असता, की ही मुलगी माझ्यासमोर बसते, आणि ही सहासष्ट पूज्यं.

शनिवारी सकाळी बाई लवकर आल्या. पहाटे मनात तयारी केली होती. आज पूज्य पडलं तर तट्टी पाडायची. खरोखरची, हातांनी.

गुरुजी आले. सदरा कडक इस्त्रीचा, डोळे जागरणाचे. पट उघडला. नावं एकापाठोपाठ एक जाऊ लागली, आणि तट्टीपलीकडे बाईंच्या कानांच्या पाळ्या तापू लागल्या.

"वजीरा अलीमियाँ."

नाव तोंडातून निघण्याआधीच पेन चाललं होतं. उभी रेघ. सरळ, घाईची. शंकरचं बोट अजून पाठीपर्यंत पोचायचं होतं.

"हजर," गुरुजी स्वतःच म्हणाले. मान खाली. "शंकर जयराम."

बाईंनी श्वास सोडला. रेघ पडली. सलग गैरहजेरी तुटली, यादीतलं नाव गेलं, परीक्षा राहिली. जिंकलो, असं मनात म्हणेपर्यंत त्यांना भोकातून वजीरा दिसली. ती उभी होती. एक हात गळ्यावर, दुसरा पालथा, ओठांपासून चार बोटांवर. तिनं गुरुजींचं पेन पाहिलं होतं. हजेरी मांडून झाली होती आणि तिची देऊन व्हायची होती. तिच्या गळ्यातला आवाज तोंडात येण्याआधी गुरुजींनी पुन्हा एकदा तिला गप्प केलं होतं, आणि या वेळी पटावर त्याची खूणसुद्धा उरली नव्हती.

"शंकर जयराम," गुरुजी पुन्हा म्हणाले.

उत्तर आलं नाही.

"चल रे, ह, ह. आम्हाला पुढे जायचंय."

शंकर उभा होता. बाईंनी त्याचं अडणं चार वर्षं जवळून पाहिलं होतं. अडला की गळ्याची शीर फुगे, डावी पापणी फडफडे, हनुवटी छातीला लागे. यातलं काहीच होत नव्हतं. त्याचे ओठ नीट मिटलेले होते आणि तो वजीराच्या पाठीकडे बघत होता. शंकर अडला नव्हता. त्याचा नंबर अजून आला नव्हता.

"सदानंद गणेश," गुरुजींनी पुढचं नाव घेतलं.

सदानंद उठला, पुढे बघितलं, आणि तोही नुसता उभा राहिला. मग त्याच्या मागची सुलभा. कोणी हसलं नाही, कोणी कुजबुजलं नाही. तट्टीच्या अलीकडे दुसरीतलं एक पोर काहीतरी बोलू लागलं. बाईंनी, ज्यांचा सगळा जन्म पोरांना बोलकं करण्यात गेला, ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं.

गुरुजींचं पेन सदानंदच्या नावापुढे टेकलेलं होतं. तिथं शाईचा डाग पसरत चालला. तालुक्यातल्या नमुनेदार पटावर पहिला डाग. मग त्यांनी पेन उचललं, आणि पुकारताना जी त्यांनी डिसेंबरापासून एकदाही वर केली नव्हती, ती मान वर केली.

वजीरा दीड हातावर उभी होती. हात तसाच, ओठांपासून चार बोटांवर. आपलं नाव पुन्हा पुकारलं जाण्याची ती वाट बघत होती.